काजव्यांच्या मागे

रुचिकाच्या पुढ्यातला कीबोर्ड मी माझ्याकडे ओढला आणि तिच्या वतीने एक बटण दाबलं. ती "थांबा ना सर" म्हणाली, पण तोवर दाबून झालं होतं. पडद्यावरच्या बाईने मूठ मिटली. मुठीत काजवा होता. मूठ उघडली तेव्हा तो नव्हता आणि बाईच्या दुसऱ्या हातातली दिवटी पेटली होती.

"हं, आता जा पुढे," मी म्हणालो.

रुचिकाने कीबोर्ड परत आपल्याकडे घेतला आणि मुकाट्याने विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागली.

चूक ती हीच. पाहणाऱ्याला ती चूक वाटणारही नाही. खेळातला एक खोटा काजवा मेला, एवढंच. पण ते बटण दाबायचा मला अधिकार नव्हता. का नव्हता, ते कळायला माझं काम काय ते आधी सांगायला हवं.

मी व्हिडिओ गेमच्या प्लेटेस्टचा मॉडरेटर होतो. त्याआधी बरीच वर्षं कारंज्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवला. राहायला मंगरूळपीरला आणि क्लास कारंज्यात, त्यामुळे रोजची मोटरसायकल. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका गेम कंपनीत होता. कंपनीला पुण्यामुंबईबाहेरचे खेळणारे हवे होते. त्याने माझं नाव सुचवलं. क्लासची खोली होती, मशिनं होती, कूलर होता. काम मिळालं.

गेम बाजारात यायच्या आधी त्याचं अर्धकच्चं रूप तयार असतं. त्याला बिल्ड म्हणतात. ते काही लोकांना खेळायला द्यायचं आणि ते कुठे अडतात, कुठे कंटाळतात, कुठे दचकतात ते पाहायचं, याला प्लेटेस्ट म्हणतात. मॉडरेटरने मागे बसायचं आणि गप्प राहायचं. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. खेळणारा तासभर एकाच भिंतीवर धडका देत असला तरी देऊ द्यायच्या. कारण त्याने गेम विकत घेतल्यावर त्याच्या घरी मागे बसायला मी जाणार नसतो.

आणखी एक. गेममध्ये काय काय लपवलंय हे मॉडरेटरलाही सांगत नाहीत. त्याला ठाऊक असलं की त्याची मान नकळत तिकडे वळते आणि खेळणारा ती मान पाहून ओळखतो.

आमचा गेम होता 'अंधारकोट दोन'. पहिला भाग बऱ्यापैकी चालला होता. एका शापित किल्ल्यात सूर्य उगवत नाही. एक दिवटीवाली बाई आपल्या हरवलेल्या माणसांना शोधत त्यात उतरते. वाटेत राक्षस, प्रेतं, बोलणाऱ्या भिंती. पहिल्या भागात काजवे तिच्या सोबत उडायचे, एवढीच काय ती त्या गेममधली माया. दुसऱ्या भागात तेल संपलेलं असतं. दिवटी पेटवायची तर काजवा पकडून मुठीत चिरडायचा. खेळायची ही जी एखादी ठरावीक रीत असते, तिला आमच्याकडे मेकॅनिक म्हणतात.

खेळायला माझेच जुने विद्यार्थी आणि त्यांचे मित्र यायचे. जवळच्या धनज गावचा पवन शेतीची कामं आटोपून मोटरसायकलवर यायचा. त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं आणि आमच्या कामात असा माणूस सोन्यासारखा.

"सर, ह्या मोठ्या राक्षसाचं तोंड सेम आमच्या मामासारखं हाय," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "याले मारू का नको?"

"तुझं तू ठरव," मी म्हणालो. नियमाप्रमाणे.

"मारतो. लग्नात लय बोलला होता मले."

काजवा चिरडताना त्याने क्षणभर तोंड वाकडं केलं, "काय बाप्पा, याचं काय करावं आता" म्हणाला, आणि चिरडला. बाकी सगळ्यांनीही तसंच केलं. विहिरीपाशी मिट्ट काळोख होता आणि दिवटीशिवाय पाऊल पुढे टाकता येत नव्हतं.

मग रुचिका आली. कारंज्यात तिच्या वडिलांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. जैन घर. शिक्षण संपल्यावर तीच दुकान सांभाळते आणि गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे लॅपटॉप उघडते. तिचे वडील मला म्हणाले होते, "मास्तर, तुमीच शिकवलं हे. दिवसभर भांडे इकते अन् मंदात वेळ भेटला की राक्षस कापते." तक्रारीचा सूर होता, पण चेहऱ्यावर कौतुक होतं. पहिला 'अंधारकोट' तिने पुरा केला होता, आणि सगळ्यांत अवघड पातळीवर.

ती खेळायला बसली की पाहत राहावं. घाई नाही, आरडाओरडा नाही. राक्षस समोर आला की ती आधी नुसती मागे सरकायची, त्याची चाल पाहायची, मग एका घावात काम संपवायची. त्या दिवशी विहिरीपर्यंत ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. आणि तिथे अडली.

अडली, असं मला वाटलं. काजवे तिच्याभोवती उडत होते. एक पकडायचा, बटण दाबायचं, झालं. ती दाबत नव्हती. बाईला दोन पावलं चालवायची, थांबायची. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबायची. भिंतीच्या कडेकडेने काळोखात हेच चाललेलं.

इकडे मी अस्वस्थ. दुपारी लाईट जायची होती. इन्व्हर्टर म्हातारा झालेला. पुण्याहून निशांत नुसता गेमचा पडदा पाहत होता, खोलीतला आवाज त्याला जात नव्हता. तो प्रोड्यूसर, म्हणजे काम वेळेत आणि पैशात बसवणारा. वयाने माझ्या पुतण्याएवढा. त्याचा मेसेज आला, 'ही का अडलीय?' थोड्या वेळाने दुसरा, 'सर, पुढची बॉस फाइट आज बघायचीच आहे.' बॉस फाइट म्हणजे टप्प्याच्या शेवटी मोठ्या राक्षसाशी होणारी लढाई.

मी खुर्चीतून उठलो, बसलो, पाणी प्यायलो. रुचिका अजून भिंतीपाशीच. आणि मग मला एकदम 'कळलं'. जैनांची मुलगी. सूर्य मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळून पिणारी माणसं. मी अशाच घरांच्या शेजारात वाढलेलो. ही कीटक मारणार नाही. बिचारीला सांगायचा संकोच होतोय. तिच्या हातून पाप नको, माझ्या हातून होऊ दे. हे सगळं मी अगदी मायेने ठरवलं, आणि कीबोर्ड ओढला.

सेशन संपल्यावर खेळणाऱ्याला काय वाटलं ते विचारायचं असतं.

"कसं वाटलं?"

"बरं हाय."

"विहिरीपाशी अवघड गेलं?"

"नाई." ती पडद्याकडेच पाहत होती. तो आता काळा होता.

मी पुढे विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. मला उत्तर माहीत होतं ना.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की एका खेळाडूने धार्मिक संस्कारांमुळे काजव्याचा मेकॅनिक टाळला, थोड्या मदतीनंतर ती पुढे गेली. त्यावर एक परिच्छेद आमच्या भागातल्या चालीरीतींवरही लिहिला. चांगला जमला होता. निशांतचा फोन आला.

"सर, हे भारी आहे. म्हणूनच तर तिथला माणूस हवा असतो. आम्हाला पुण्यात बसून हे कधी कळलं नसतं."

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

महिन्याभराने व्हिडिओ कॉलवर मीटिंग झाली. गेममध्ये काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवायची. त्यात मृण्मयी होती. तिने गेममधल्या वाटा आखल्या होत्या. एरवी कमी बोलणारी. त्या दिवशी तिचा आवाज थोडा चढा होता.

"विहिरीच्या मागे एक वाट आहे," ती म्हणाली. तेव्हा ते मी पहिल्यांदा ऐकलं. "काजवे न मारता त्यांच्या मागे जायचं. ते थोडं उडतात, थांबतात. तुम्ही थांबलात तरच पुढे उडतात. असं करत भिंतीतली फट सापडते. तिथून गेलं की शेवटपर्यंत एकही काजवा न मारता जाता येतं. शेवटही वेगळा आहे. मी वर्षभर त्याच्यावर काम केलंय."

निशांत म्हणाला, "वाट सुंदर आहे, वाद नाही. पण ती पूर्ण करायला वेळ आणि पैसा लागतो. आपलं ठरलं होतं, एका जरी टेस्टरला स्वतःहून सापडली तर ठेवायची. कुणालाच सापडली नाही. कारंज्यातल्या एका मुलीने काजवे मारले नाहीत, पण ते धर्माच्या कारणाने."

"ती भिंतीकडे गेली होती का?" मृण्मयीने विचारलं. "सर, तुम्ही मागे बसला होतात. ती काजव्यांच्या मागे चालली होती की नुसती अडली होती?"

माझ्या डोळ्यांपुढे दोन पावलं चालून थांबणारी ती बाई आली. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबणं. भिंतीच्या कडेने.

"अडली होती," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो. नक्की."

वाट कापली गेली.

कॉल बंद झाल्यावर मी त्या सेशनचं रेकॉर्डिंग उघडलं. बिल्डसोबत पडदा आणि आवाज दोन्ही माझ्या मशिनवर रेकॉर्ड होतात. काजवे उडत होते, थांबत होते. ते थांबले की रुचिका थांबत होती. एकदाही चुकली नाही. भिंतीत बारीकशी उजेडाची रेघ दिसायला लागली होती. एवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज, "थांबा ना सर", आणि मूठ मिटली.

मी ते पुन्हा पाहिलं. मग पुन्हा.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. जेवताना उठून अंगणात जायचो. मृण्मयीला मेल लिहायला घ्यायचो, दोन ओळी लिहायचो, पुसायचो. निशांतला फोन लावून दुसरंच काहीतरी विचारायचो. स्वतःला समजवायचो की सत्तर वाटांतली एक गेली, गेम काय बुडणार आहे का. मग एक दिवस कामाचं निमित्त काढून कारंज्याला गेलो आणि रुचिकाच्या दुकानात शिरलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ती गिऱ्हाइकाला डबे दाखवत होती. मला पाहून हसली.

"काय देऊ सर?"

माझ्या तोंडून निघालं, "झारा."

झारा घेऊन घरी आलो. पुन्हा गेलो, पुन्हा झारा घेऊन आलो. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "तुमी भजेवाल्याची गाडी टाकून राह्यले का? सांगून ठेवा, म्हंजे बेसन आणून ठेवते."

तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

गेम बाजारात आला. आता माझं काम खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचून त्यांचं सार पुण्याला कळवायचं. लोक इंटरनेटवर भरभरून लिहीत होते. राक्षस पहिल्यापेक्षा भयंकर आहेत, आवाज अंगावर येतात, शेवटची लढाई जिंकायला अख्खी रात्र गेली. हे सगळं चांगलं. पण त्यांच्या मधूनमधून दुसरेही सूर यायला लागले. एकाने लिहिलं होतं, 'पहिल्या भागात काजवे आपले सोबती होते. इथे त्यांना मारल्याशिवाय गेम पुढेच जाऊ देत नाही. निवड दिली असती आणि मी मारले असते, तर मला वाईट वाटलं असतं. निवडच नाही, त्यामुळे नुसता कंटाळा आला.' दुसरा म्हणत होता, 'विहिरीपाशी नक्की दुसरी वाट असेल म्हणून दोन दिवस शोधत बसलो. नाही. काळोख आहे तो फक्त काळोखच आहे.'

असे अभिप्राय मी कामाचा भाग म्हणून वाचत होतो, आणि प्रत्येक वेळी पडद्यापासून थोडा मागे सरकत होतो.

पवनचाही फोन आला. "सर, झाला गेम. मामाले तीनदा मारला."

"आवडला?"

"हाव, हाय बरा. पन एक सांगू? त्या काजव्यापायी मन मोडलं राजेहो. मले वाटलं शेवटी काई तरी त्याचं निघन. काईच नाई निघालं. मंग कायले मारले एवढे?"

मी विषय बदलून त्याच्या शेतीची चौकशी केली.

कंपनीच्या नव्या गेमच्या प्लेटेस्टसाठी मी सगळ्यांना बोलावलं. रुचिकाने नाही म्हणून कळवलं. मी फोन केला.

"का गं? तू तर सगळ्यांत चांगली खेळतेस."

"नाई सर. मले नाई समजत त्यातलं." मग म्हणाली, "एक विचारू का? त्या दिवशी तुमच्या मशिनवर काजवे भिंतीपाशी थांबत होते ना? का मलेच तसं वाटलं? म्या आता घरी घेतला गेम. लय वेळा पायलं. ते थांबतच नाई. नुसते उडते. पप्पा म्हणते, तुले भास झाला असन."

"बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिने जे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच्यावरचा तिचा विश्वास माझ्यामुळे उडाला होता. आपल्याला यातलं कळत नाही, असं ती मुलगी आता धरून बसली होती.

त्याच संध्याकाळी मी निशांतला आणि मृण्मयीला मेल केला. रेकॉर्डिंग जोडलं. काय झालं, मी काय लिहिलं, मीटिंगमध्ये काय बोललो, सगळं. या वेळी पुसलं नाही.

निशांतचा फोन सकाळीच आला. आवाज कोरडा होता.

"तुम्ही बटण दाबलंत ते मी समजू शकतो. मीच घाई करत होतो. पण मीटिंगमध्ये तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"माझा रिपोर्ट तुम्हाला आवडला होता," मी म्हणालो. दुसरं खरं कारण माझ्यापाशी नव्हतं.

तो म्हणाला, "मॉडरेटरचं काम तुम्हाला आता देता येणार नाही, सर. हे तुम्हालाही पटेल." पटलं. मी स्वतः त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

मृण्मयीचा फोन दुपारी आला. तिने रेकॉर्डिंग पाहिलं होतं.

"थांबलीय ती," ती म्हणाली. "प्रत्येक ठिकाणी. फटीपर्यंत एक काजवा राहिला होता, सर. एक."

"वाट परत घालता येईल का?"

"माहीत नाही. माणसं दुसऱ्या कामावर गेलीत. मी विचारते आहे. शब्द देत नाही." मग तिने विचारलं, "तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"आम्हाला आधी सांगितलंत आणि तिला नाही?"

मी गाडी काढली.

दुकानात तिचे वडील गल्ल्यावर होते. "या मास्तर," ते म्हणाले. "झारा काढू का?"

"नाही. आज रुचिकाशी बोलायचंय."

ती आतल्या बाजूला एका बाईसाठी पातेली तोलत होती. मी स्टुलावर बसलो, उठलो, टांगलेल्या कढया पाहिल्या. ती बाई गेल्यावर रुचिका आली. मी सांगायला सुरुवात केली. विहिरीमागे खरोखरच वाट होती, हे सांगितलं. तू तिच्या तोंडाशी पोहोचली होतीस, हे सांगितलं. मीटिंगमध्ये तू नुसती अडली होतीस असं मी म्हणालो आणि वाट कापली गेली, म्हणून आता काजवे थांबत नाहीत, हेही सांगितलं. कीबोर्ड ओढला ते तिला माहीतच होतं.

"मंग तुमी पुण्याले लिवलं काय?" तिने विचारलं.

"लिहिलं की तू जैन आहेस, म्हणून काजवा मारत नाहीस."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, विहिरीपर्यंत म्या एवढे राक्षस कापत आली. ते काय तुमाले दोडके वाटले?"

गल्ल्यावर तिचे वडील हसले. मग त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण ते हसायचे थांबले आणि भांड्यांवरची धूळ पुसायला लागले.

"मी काजव्यायले पाहून राह्यली होती," रुचिका म्हणाली. "पयल्या गेममंदी ते वाट दाखवत. म्हटलं, इथंही दाखवत असन. एवढंच होतं. तुमी विचारलं असतं तर सांगतलं असतं ना."

एवढंच होतं. आमच्या धंद्याचा सगळा धडा त्या शेवटच्या वाक्यात येतो. खेळणाऱ्याने काय केलं ते लिहावं. का केलं ते त्याला विचारावं. आणि आपण ज्यांना ओळखतो असं वाटतं, त्यांना तर दोनदा विचारावं.

मी तिला क्लासमध्ये शिकवलं ते सगळं पुस्तकी मराठीत. सर आहोत म्हटल्यावर तसंच बोलायचं असतं, अशी माझी समजूत होती. घरची बोली घरी. त्या दिवशी ती समजूत कुठे गेली कोण जाणे.

"तुले भास नव्हता झाला, रुचिका," मी म्हणालो. "तू बरोबर जाऊन राह्यली होती. म्याच मंदात हात घातला, अन् खोटंही म्याच बोललो. मले माफ कर."